चेक म्हणजे शह

आप्पांसमोर कोणी ‘चेक केलं’ म्हटलं, की ते मान वर न करता विचारायचे, “कोणता चेक, भो?”

नवा माणूस गोंधळायचा. जुने ऑपरेटर हसत बाजूला व्हायचे, कारण पुढचं त्यांना पाठ होतं. आप्पा एकेक बोट दुमडत जायचे. “बँकेतला चेक एक. तुझ्या शर्टावरचा चेक दोन. नवापूरला ट्रक अडवतात ते चेकपोस्ट तीन. आमच्या गावच्या नाल्यावर पाणी अडवलंय तो चेक डॅम चार. डॉक्टरकडचं चेकअप पाच. आता सांग, यातलं काय केलंस तू?”

“आप्पा, मशीन पाहिलं.”

“मग पाहिलं म्हण. पाहिलं म्हणताना माणूस खोटं बोलायला जरा कचरतो.”

गुजरातेत, पांडेसऱ्यातल्या एका कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये मी नोंदींचं काम करतो. किती मीटर कापड आत गेलं, किती बाहेर आलं, कोणतं मशीन किती वेळ चाललं, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. आप्पा चार मशीनवरचे मुख्य ऑपरेटर होते. मूळचे अमळनेरकडचे. साठी उलटल्यावर त्यांना दर वर्षी एकेक वर्षाची मुदतवाढ मिळत होती. आमच्या मिलमधल्या बहुतेक खानदेशी माणसांसारखे तेही घरी अहिराणी, साहेबांशी गुजराती आणि यंत्राशी शिव्या, असे तिन्ही भाषांत राहत. फरक इतकाच, की त्यांच्या डब्याच्या पिशवीत एक जाडजूड इंग्रजी शब्दकोशही असायचा. पुठ्ठा गेलेला, रद्दीवाल्याकडून उचललेला.

“एका शब्दाला अडीच पानं!” जेवताना ते सांगायचे. “आणि मूळ कुठलं, तर इराणचं. बुद्धिबळात राजावर चाल आली, की ‘शाह’ म्हणून सावध करायचे. तो शब्द फिरत फिरत फ्रान्सहून इंग्लंडला पोचला आणि त्याचा चेक झाला. राजा अडला, म्हणून चेक म्हणजे अडवणं. अडवून बघायचं, म्हणून तपासणं. पटावरची घरं, म्हणून चौकटीचं कापड. आपल्याकडे मात्र तो सरळ आला. आपण शह-काटशह म्हणतो ना, तोच हा.”

मी घरी मुलीच्या फोनवर पडताळून पाहिलं. बरोबर होतं.

“म्हणजे तपासणं काय?” आप्पा शेवटी म्हणायचे. “राजाला सांगणं, की बाबा, तुझ्यावर चाल आलीय. कागदावरच्या चौकटीत खूण करणं नव्हे.”

हे शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून असायचं. त्याला कारण होतं.

प्रत्येक मशीनजवळ खिळ्याला एक शीट टांगलेली असते. त्यात तपासणीच्या अकरा चौकटी. मशीन सुरू करण्याआधीच्या सात, झाकण उघडण्याआधीच्या चार. पाळी संपली की शीट माझ्याकडे येते. माझ्याकडे कोरी चौकट चालत नसे. एक जरी रिकामी दिसली तरी मी शीट परत पाठवायचो आणि ऑपरेटरला घरी जायला अर्धा तास उशीर व्हायचा. मला वाटायचं, यालाच शिस्त म्हणतात.

आप्पांच्या शीटमध्ये मात्र अधूनमधून कोरी चौकट सापडायचीच.

“आप्पा, नववी चौकट राहिली.”

“राहिली नाही. गडबडीत बघितलं नव्हतं, म्हणून भरली नाही.”

“मग आता भरा.”

“आता काय बघू? मशीन धुऊन मोकळं झालं. साहेब, तुम्हाला कागद पूर्ण पाहिजे की खरा पाहिजे?”

मी म्हणायचो, दोन्ही. ते हसायचे आणि चौकट कोरीच ठेवून निघून जायचे. बाकीच्यांना अर्धा तास परवडणारा नव्हता. त्यांनी यावर आपला मार्ग काढला. पाळी सुरू होतानाच ते अकराच्या अकरा चौकटी भरून टाकू लागले. मला पूर्ण शीटा मिळू लागल्या. मी खूश होतो.

तुमच्याही कचेरीत असं काही चालत असेल तर पुढचं जरा लक्ष देऊन वाचा.

त्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमाराला मी मीटरचा एक फरक विचारायला खाली गेलो होतो. तीन नंबरच्या मशीनवर सुकलाल होता. नंदुरबारकडचा, पस्तिशीतला, दोन मुलींचा बाप, कामाला चपळ. हे मशीन म्हणजे आडवं झोपवलेलं मोठं पिंप. आत कापड एकशेतीस अंशांच्या पाण्यात, कोंडलेल्या हवेच्या दाबाखाली, गरगर फिरतं. रंग बसला की थंड करायचं, ऐंशीच्या खाली आणायचं, वरची हवानळी उघडून आतला दाब सोडायचा, दाबाचा काटा शून्यावर आल्याचं बघायचं आणि मगच झाकणाचं चाक फिरवायचं. क्रम चुकला तर झाकण आणि उकळतं पाणी एकदमच अंगावर येतं.

मी खिळ्यावरची शीट पाहिली. अकरा चौकटी भरलेल्या. मशीन अजून थंड होत होतं, म्हणजे शेवटच्या चार चौकटी भरायची वेळच आली नव्हती, तरीही माझं समाधान झालं. हे लिहिताना लाज वाटते, पण झालं होतं.

सुपरवायझर घाईत होता. “चालो, चालो! गाडी ऊभी छे!” कापड न्यायला ट्रक येऊन थांबला होता. तेवढ्यात मशीनच्या पडद्यावर अठ्ठ्याहत्तर अंश आले. काटा शून्यावर. सुकलालने चाकावर उजवा हात ठेवला.

“काय करी ऱ्हायना तू?” मागून आप्पांचा आवाज आला.

“झाकण उघडतो, आप्पा. काटा शून्य आहे.”

“हवानळी उघडली होती?”

“उघडीच आहे.”

“मग आवाज कुठे गेला?”

सुकलाल थांबला, पण हात चाकावरच होता. आप्पांनी नळीच्या तोंडासमोर तळवा धरला. मग वाकून गाल धरला. वाफेचा धागासुद्धा नव्हता.

“बघा, काहीच नाही,” सुपरवायझर म्हणाला. “रिकामं झालंय. उघड, सुकलाल.”

“काहीच नाही हेच वाईट,” आप्पा म्हणाले. “एवढ्या गरम पाण्यावरची नळी उघडी असली तर थोडी तरी फुसफुसणारच. ही गप्प आहे म्हणजे बुजलीय. काट्याला दाब कळतो तोही हिच्याच पोटातून. तोही आंधळा झालाय. हात काढ, भो.”

“काका, शीट भरेली छे!” सुपरवायझरने शीट खिळ्यावरून ओढून आप्पांसमोर नाचवली. “बधुं चेक छे! सगळं!”

आप्पांनी शीटकडे पाहिलं नाही. या वेळी त्यांनी कोणता चेक, असंही विचारलं नाही. त्यांनी सुकलालचं मनगट धरलं, एकेक बोट सोडवावं तसा त्याचा हात चाकावरून काढला आणि स्वतः पाठ टेकून झाकणासमोर उभे राहिले.

“खालून पाणी सोडतो.”

“गरम सोडलं तर कापडाला चुण्या पडतील. पूर्ण लॉट जाईल. तुमच्या नावावर लिहीन!”

“लिही.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “साहेब, सगळ्यांना खांबापलीकडे न्या.”

मी नेलं. आम्ही आठ जण होतो. आप्पा एकटेच मशीनखाली वाकले आणि तळाचा व्हॉल्व्ह बोटभर फिरवला. पाणी पडलं नाही, सुटलं. समोरच्या गटारावरची लोखंडी जाळी उडून भिंतीवर आदळली. साधं पिंप रिकामं होतानाचा आवाज मला माहीत आहे. हा आवाज तसा नव्हता. आत कोंडलेली हवा पाण्याला ढकलत होती. मी घड्याळाकडे पाहत होतो, दुसरं काही सुचत नव्हतं. सहा मिनिटं तो आवाज चालला. वाफेत आप्पा दिसत नव्हते. सुकलाल माझ्या शेजारी उभा राहून नुसता “आप्पा, आप्पा” म्हणत होता.

वाफ विरली तेव्हा ते व्हॉल्व्हपाशी उकिडवे बसले होते. सुकलालने त्यांना काखेत धरून उठवलं.

दुपारी फिटरने हवानळी खोलली. आतून सुताच्या तुसांचा आणि रंगाच्या गाळाचा बोटाएवढा कडक बोळा निघाला.

तरीही लॉट वाया गेलाच होता. मॅनेजरच्या केबिनमध्ये आप्पा, सुकलाल, सुपरवायझर आणि मी असे चौघे उभे होतो. त्यांनी शीट टेबलावर ठेवली आणि सुकलालला विचारलं, “नळी तपासल्याची खूण तुझी? केव्हा केलीस?”

खरं सांगावं तर नोकरी जाणार, खोटं सांगावं तर बोळा टेबलावर होता.

“पाणी मी सोडलं,” आप्पा म्हणाले. “लॉट माझ्या नावावर घ्या. त्याला कशाला विचारता?”

“मी शीटचं विचारतोय.”

तेव्हा मी बोललो. मिलमधल्या इतक्या वर्षांत मी आकड्यांखेरीज फारसं बोललेलो नाही. “कोरी चौकट मी परत पाठवतो, सर. म्हणून हे लोक सकाळीच सगळ्या भरतात. मला माहीत होतं. निदान कळायला हवं होतं. सगळ्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच दाबाच्या असतात. मी आकडे तपासणारा माणूस आहे, मला ते दिसत होतं.”

मॅनेजरांनी शीट उजेडात धरली आणि एकेक खूण पाहिली.

सुकलालला लेखी समज मिळाली, नोकरी राहिली. मलाही समज मिळाली. माझी ती नोकरीतली पहिलीच. आप्पांना मात्र त्या महिन्याअखेरीस सांगण्यात आलं, की यंदा मुदतवाढ नाही. कारण लिहिलं नव्हतं. मी मॅनेजरकडे दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही.

आप्पांना सोडायला मी उधना स्टेशनवर गेलो. सुकलाल माझ्या आधीच येऊन उभा होता. त्याने ट्रंक उचलून सीटखाली सरकवली, पाण्याची बाटली भरून आणली. पुन्हा खाली उतरून खिडकीशी उभा राहिला.

“घर जाय, भो,” आप्पा त्याला म्हणाले. “पाळी चुकेल.”

“पाळी बदलून घेतलीय.”

मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. माफी म्हणावी तर ती फार लहान वाटत होती. मी विचारलं, “गावी काय करणार?”

“झोपेन,” ते म्हणाले. “पंधरा दिवस झाले, डोळा लागला की तो आवाज येतो.”

गाडी हलली. सुकलालने खिडकीच्या गजाला धरलं आणि तो गाडीबरोबर चालू लागला, मग पळू लागला. फलाट संपेपर्यंत त्याने गज सोडला नाही. मी त्याच्या उजव्या हाताकडे बघत होतो. कोपरापासून बोटांपर्यंत अख्खा होता.