समोरच्या गटाचा डेटाबेस

मनिषा तेलगावची. आईबाप दर हंगामाला ऊसतोडीला जाणारे. ती अंबाजोगाईला शिकली, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी केली आणि गावचे पुढारी भगवंतराव यांचा मुलगा सुरज ऊसतोडीच्या टोळ्यांसाठी कंपनी काढतोय म्हटल्यावर परत आली. उसाच्या फडात कुणी आजारी पडलं की ॲपवरून कळवायचं आणि जवळचा डॉक्टर गाठायचा, अशी ती कंपनी. मागं एका हंगामात तिची आई सुभद्राबाई फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, तापानं फणफणत पडून राहिली होती आणि कुणाला पत्ता नव्हता. त्यामुळे हे ॲप आईच्या फोनवर चालायला हवं, बाकी जग गेलं उडत, असं मनिषाचं होतं.

म्हणून तिनं निवड साधी केली. जुनं, वापरून सिद्ध झालेलं तंत्रज्ञान, साधा डेटाबेस. रेंज नसली तर नोंद फोनमध्येच राहील, रेंज आली की आपोआप पुढे जाईल.

पण आपल्याकडे बोअरची जागासुद्धा भगवंतरावांच्या बंगल्यावर बैठक बसल्याशिवाय ठरत नाही, तिथं कंपनी कशी ठरेल? सोफ्यावर जमलेल्यांत एकालाही डेटाबेस खातात की पितात हे ठाऊक नव्हतं. मनिषानं आपली निवड मांडली, चहा झाला आणि परमेश्वर नावाच्या कार्यकर्त्यानं तोंड उघडलं.

"पन साहेब, समोरच्या गटाच्या पोरानं त्याच्या ॲपला हेच डेटाबेस का काय ते घेतलंय म्हनं."

भगवंतरावांनी कप खाली ठेवला. "मग त्यांचं उष्टं आपल्याला कावून पायजे?"

"साहेब, फडात रेंज नसती," मनिषा म्हणाली. "त्यांनी घेतलं म्हनून ते वाईट होत न्हाई."

"ताई, आपलं त्यांच्यापेक्षा मोठं पायजे," सुरज म्हणाला आणि विषय संपला.

मग काय, सगळं नवंकोरं, सगळं क्लाउडवर, वर बोलणारा एआय. कुठलं तंत्रज्ञान घ्यायचं हेसुद्धा गटबाजीनं ठरावं, याची मनिषाला शिसारी आली. तरी तिनं ते बांधलं. सोडून गेले तर आईसाठी एवढंही होणार नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

उद्घाटनाला बंगल्याच्या वायफायवर ॲप पाण्यासारखं चाललं. फेटे, हार, फोटो, सगळं यथासांग झालं. टोळ्या कर्नाटकात गेल्या, त्यांत सुभद्राबाईही गेली, आणि रेंज नसलेल्या फडात ॲप उघडलं की पांढऱ्या पडद्याशिवाय काही दिसेना. मनिषा सांगत राहिली, सुरज बघू म्हणत राहिला.

पुढच्या बैठकीत सुरजनं टीव्हीवर एक व्हिडिओ लावला. कोपीपुढं सुभद्राबाई उभी होती, डोळे खोल गेलेले. "ॲप लई चांगलं हाय," ती पाठ केल्यासारखं म्हणाली. "दाबलं की डाक्टर येतो."

बैठकीनं टाळ्या पिटल्या. मनिषा उठून बाहेर आली आणि आईला फोन लावत बसली. लागला नाही. संध्याकाळी आईचाच आला. रेंजसाठी ती कॅनॉलच्या भरावावर चढली होती, तिला धाप लागली होती.

"माय, डॉक्टर आलता का?"

"कशाचा डाक्टर? अंगात ताप हाय तसाच हाय."

"मग व्हिडिओत तसं कावून बोललीस?"

"टोळीचा मुकादम म्हनला, ॲपला नाव ठेवलं तर पोरीची नोकरी जाईल. तू साहेबान्ला काय बी बोलू नको, मनी. मला आता बरं हाय."