बिबट्याचा समोरून फोटो

बिबट्या थेट माझ्याकडे बघत होता. म्हणजे लॅपटॉपच्या स्क्रीनवरून. डोळे शार्प, मिशीचा केस न् केस वेगळा. चौकीत मी कौतुकाची वाट बघत उभा होतो.

वनरक्षक मानेबाईंनी मान तिरकी केली. "आवं काका, ह्याचं स्थळ बघायचंय का आपल्याला?"

"का? काय झालं?"

"त्वांड लय ब्येस आलंय. अंग कुटं हाय?"

मी सांगलीतला लग्नाचा फोटोग्राफर. सीझन संपला की जंगलात व्हॉलंटियर म्हणून जातो. काम कॅमेरा ट्रॅप लावायचं. हा एक डबा असतो. झाडाला बांधायचा, समोरून काही गेलं की आपोआप क्लिक. ते दोन लावतात, वाटेच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर, गुडघ्याएवढ्या उंचीवर. कारण बिबट्या ओळखायचा तो अंगावरच्या ठिपक्यांवरून. आपले बोटांचे ठसे असतात तसंच. त्यातही डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी.

हे सगळं मला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. पण मी पडलो जुना खेळाडू. समोरासमोर कॅमेरे म्हणजे एकाच्या फ्रेममध्ये दुसरा येणार. आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. म्हणून एक डबा सॅकमध्ये टाकला आणि दुसरा वाटेच्या वळणावर, येणाऱ्याकडे तोंड करून बांधला. पाहुणा कसा समोरून यायला हवा!

पाहुणा आला, आणि पंचाईत झाली. खालच्या धनगरवाड्यावर 'दोन बिबटे फिरत्यात' अशी बोंब उठली होती. लोक पिंजरा मागत होते. ही आमच्या माहितीतली जुनी मादी असेल तर पिंजऱ्याची गरज नव्हती, ती कुणाच्या वाटेला जात नसे. बाहेरून आलेलं नवं जनावर असेल तर गोष्ट वेगळी. वाड्यावरची बैठक तोंडावर आलेली. आणि पुरावा काय, तर माझं हे पोर्ट्रेट.

"परत लावायचं," मानेबाई म्हणाल्या आणि या वेळी स्वतः सोबत आल्या. दोन्ही डबे बांधून झाले. "आता वाका. चार पायांवर मधनं चालत जावा."

"मी?"

"टेस्ट नको व्हय? आन् पोट जरा आत घ्या. बिबट्याला एवढं नसतंय."

बैठकीच्या सकाळी कार्ड काढलं. उजवी बाजू, लख्ख. ऑफिसातल्या जुन्या फोटोशी ठिपका न् ठिपका जुळला. तीच मादी. आणि तिच्या मागोमाग, शेपटीला तोंड घालायच्या बेतात, एक पिल्लू. माझ्या फोटोत ते आईआड झाकलं गेलं होतं.

वाड्यावर बिरूआबांनी मोबाइल हातात घेतला. पिंजऱ्यासाठी सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच. शेळ्याही सगळ्यात जास्त त्यांच्याच. बोटांनी फोटो मोठा करून बघितला.

"लेकुरवाळी हाय व्हय ही?"

"व्हय आबा. तुमचे दोन बिबटे ते हेच," मानेबाई म्हणाल्या.

आबांनी मोबाइल परत दिला. "मग कशाचा पिंजरा? माय आत नि पिल्लू भाईर? आपल्याच्यानं न्हाई व्हायचं. शेळ्या आमी सांजच्याला आत घेऊ." मग माझ्याकडे वळले. "आन् काय वं पाव्हणं, ह्ये आदीच का न्हाई दावलं?"

मी बुटाची नाडी बांधू लागलो.

तेव्हापासून एक नियम केलाय. फोटो कशाला हवाय ते आधी विचारायचं, मग कॅमेऱ्याला हात लावायचा. लग्नात मात्र अजून कुणी नवरदेवाची उजवी बाजू मागितलेली नाही.