घोड्यावरच्या पोरीचा उपास

एका पोरीची घोड्याची शर्यत माझ्यामुळे हुकली. पोरगी टीव्हीतली होती, ही सबब आमच्या घरात कुणी ऐकून घेत नाही.

कर्नाटकात आळंदला माझं तुरीचं आडत दुकान आहे, दुकानामागंच घर. आमची आई (आम्ही तिला अव्वा म्हणतो, गल्लीही तेच म्हणते) रोज संध्याकाळी सातला पदर सावरून टीव्हीसमोर बसते. सातच्या मालिकेत खेड्यातली एक पोरगी जॉकी व्हायचं शिकत होती. एके दिवशी गुरूनं तिला बजावलं, "दोन किलो वजन उतरव, नाहीतर घोड्याला हात लावायचा नाही!" पोरगी रडली आणि काकडीचा तुकडा खाऊन झोपली.

अव्वानं पुढ्यातलं ताट सरकवलं.

"कामून गं अव्वा?"

"ते लेकरू उपाशी निजलं. मी भाकर मोडू व्हय?"

हसण्यासारखं काही नव्हतं. अव्वाला शुगर. उपाशी राहायचं नाही, असं डॉक्टरांनी तिला मराठीत सांगून पुन्हा कन्नडमध्ये सांगितलेलं! दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे हात कापायला लागले.

"अव्वा, ती जाहिरातीच्या टायमाला जेवती."

"खोटं बोलायलास. तोंड पुसलेलं दिसलं न्हाई."

शेवटी माझी बायको महानंदा म्हणाली, "आत्याबाई, तुमचा उपास घरातल्या दुसऱ्यानं धरला तर चालतंय की. मागं तुमचा सोमवार मी नव्हता का धरला?"

अव्वानं नजर फिरवली. घरात माणसं तीन. त्यातलं ब्याण्णव किलोचं एकच.

"तू धर," ती मला म्हणाली आणि भाकरी कुस्करायला लागली. (माझा जीव भांड्यात पडला. भांडं रिकामं होतं.)

पोरीचं वजन शनिवारी होणार होतं. मालिकेतला शनिवार उजाडायला अठरा दिवस लागले! एका अख्ख्या भागात ती नुसती लगाम धरून उभी होती, आणि मी काकडी धरून बसलेलो. रोज सकाळी अव्वा मला तुरीच्या काट्यावर उभं करायची. माल घेऊन आलेले शेतकरी गंभीरपणे बघायचे.

"किती भरलं, अण्णा?"

"एक्याण्णव."

"ओल हाय अजून!"

सतराव्या दिवशी मी बाजारात गेलो. दोन बशा चुरमुऱ्याचा सुशिला आणि चार मिरची भजी. उभ्यानं, भिंतीकडं तोंड करून.

दुसऱ्या संध्याकाळी पोरगी काट्यावर चढली. बघायला गल्ली आमच्या घरात. काटा थरथरला. अर्धा किलो जास्त! गुरूनं मान फिरवली, घोडा दुसऱ्याच पोरीला दिला.

अव्वा हळूहळू माझ्याकडं वळली.

"काय खाल्लास?"

"मी? काय न्हाई."

"माझ्याकडं बघून सांग."

"...सुशिला."

"आन्?"

"भजी. चारच."

महानंदानं कपाळाला हात लावला. शेजारच्या काकू 'शिवा शिवा' म्हणत उठून गेल्या. मी धीर करून म्हटलं, "अव्वा, ते सगळं आधीच शूटिंग करून ठेवलेलं असतंय गं!"

अव्वानं डोळे पुसले. ती पुन्हा ताट सरकवते की काय, म्हणून माझ्या पोटात गोळा आला (भज्यांच्या शेजारी). पण तिनं ताट जवळ ओढलं आणि भाकरी मोडली.

"जेवायलीस न्हवं, अव्वा?"

"जेवते की. शर्यतच ऱ्हायली न्हाई, आता उपास कशाला?" पहिला घास गिळून ती शांतपणे म्हणाली, "पोरीचं काय चुकलं? तुझ्यासारखा गडी मागं बसल्यावर कुणाचं घोडं पळंल!"