ज्वारीला वास आला का?

गॅलरीतल्या बादलीवरचं ताट मी आत्ता नुसतं कडेनं उचलून पाहिलं. भिजत घातलेल्या ज्वारीवर राखाडी फेस धरलाय, त्यात बुडबुडे संथपणे फुगतात आणि फुटतात, आणि कडेला एक चिलट चिकटून मेलंय. नाक खाली न्यायचं अजून बाकी आहे. चैत्राचं ऊन तापलं की खानदेशात घरोघरी बिबड्यांची घाई उडते. ज्वारी भिजवायची, ती आंबून वास सुटेपर्यंत थांबायचं, मग भरडून, शिजवून तिचे पापड उन्हात घालायचे. सुरतेत, बमरोलीच्या आमच्या घरातही हा सोहळा दरवर्षी होतो. त्याला वास म्हणणं ही आपली सभ्यता. ती घाण असते. इतकी वर्षं संसार केला, पण मला दुसरा शब्द सापडलेला नाही.

मी मराठवाड्यातली. आमच्याकडे धान्य भिजलं तर लोक हळहळतात आणि उन्हात पसरतात. मुद्दाम कुजवत कोणी नाही. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासरी गेले, तेव्हा अर्धी सकाळ मी कोठीमागं मेलेला उंदीर शोधत होते. अखेर मागच्या अंगणात पाहिलं, तर सासूबाई घमेल्यात कोपरापर्यंत हात घालून ज्वारी चोळत होत्या आणि शेजारणीशी निवांत गप्पा मारत होत्या. मला पाहून हसल्या. हाताला धरून त्यांनी मला घमेल्यावर वाकवलं आणि म्हणाल्या, "वास नाकमा बसना का समजी ले, जवारी व्हयनी." ज्वारी तयार झाल्याची म्हणे तीच खूण. माझ्या पोटातलं सगळं वर आलं. पदर तोंडाला लावून मी मागं सरले, तरी त्या आपल्या माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. नव्या सुनेची गंमत चाललीय, असं वाटून मी मनात धुमसत राहिले.

दुपारी त्याच ज्वारीचा घाटा चुलीवर रटरटला. तीळ, लसूण, मिरची, जिरं, सगळं घातलं होतं. पण घाणीला फोडणी दिली म्हणून ती पक्वान्न थोडीच होते! चिकट, गरम, वर कच्चं शेंगदाणा तेल. एक घास मी नहाणीत जाऊन थुंकले. बाहेर आले तर माझा नवरा आईला खेटून बसला होता आणि बोटानं वाटी पुसत होता. हा माणूस एरवी शब्दसुद्धा मोजून खर्च करणारा. पण त्या दिवशी तो कितीतरी बोलला. शाळेत नापास झाला तेव्हा आईनं घाटाच वाढला होता, गाव सोडून सुरतेला निघाला तेव्हा गाठोड्यात बिबडेच बांधून दिले होते. त्याचं सगळं सुखदुःख त्या आंबूस लगद्यात कालवलेलं होतं, आणि मला तो लगदा बघवत नव्हता.

मीही हार मानली नाही म्हणा. सुरतेत परतल्यावर माझ्या आईच्या पद्धतीचं हुलग्याचं माडगं केलं, गूळ घालून, सुंठ घालून. सर्दी होवो की जीव उदास होवो, आमच्याकडे त्यावर तेच औषध. त्यानं पेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "हाई ते आम्हनाकडे बैलले टाकतस." फिटंफाट झाली. तेव्हापासून तो माझं माडगं नाक न मुरडता, पण डोळे मिटून पितो, आणि मी त्याच्या घाट्याला हात लावत नाही.

सासूबाई गेल्या, आणि पुढच्या चैत्रात त्यानं स्वतःच बादलीत ज्वारी भिजत घातली. आईच्या हातचं म्हणण्यासारखं तेवढंच उरलं होतं. मी अडवलं नाही. खालच्या मजल्यावरची गुजराती बाई वर येऊन विचारून गेली, "बेन, तमारी गटर चोक थई गई छे?" मी लाजेनं मेले. संध्याकाळी बादलीजवळ गेले आणि तिथेच कठड्याला धरून ओकले. हा आला, बादलीवर वाकला, डोळे मिटून त्यानं खोल श्वास घेतला.

"आज रहायला पाहिजे अजून. वास कुठे आलाय?"

"वास कुठे आलाय म्हणजे? इथं आतडी बाहेर पडायलीत माझी!"

तो पुन्हा वाकला. पुन्हा श्वास घेतला. मग माझ्याकडे बघत राहिला. मिलच्या रंगखात्यात, त्या वाफेत आणि रसायनांत त्याची वर्षं गेली होती. त्याचं नाक कधी मेलं, ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. "म्हणजे उना का वास?" त्यानं अगदी हळू विचारलं. मी तोंड पुसून मान हलवली.

तेव्हापासून आमच्या घरात माझी मळमळ हेच माप आहे. तो दाराशी उभा राहून विचारतो, "उना का?" मी वाकते, मला उमासा येतो, आणि तो समाधानानं भरड्याच्या तयारीला लागतो. जगात एखाद्या बायकोच्या किळसेची इतकी वाट कुणी पाहिली नसेल.

आज ताट बाजूला केलं आणि वाकले. फेस, बुडबुडे, चिलट, सगळं जागच्या जागी. श्वास घेतला. पोट हललं नाही. पुन्हा घेतला. घाण होती, पण घरातल्यासारखी, ओळखीची. ज्वारी एक दिवस जास्त राहिली तर कडू होते, आणि वास आला की नाही, ते आता सांगायचं कुणी? आतून आवाज आला, "उना का?"

तेवढ्यात लेक कॉलेजातून आली, चपला काढता काढता थबकली, ओढणी नाकाला लावून किंचाळली, "छी मम्मी! आ शुं सडी गयुं छे?"

"इकडं ये," मी म्हटलं. ती नको नको म्हणत असताना तिच्या हाताला धरलं आणि तिला बादलीवर वाकवलं. बादलीकडे मी पाहिलंसुद्धा नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.