बायनाबाईच्या कोंबड्या आणि सिंधुकाकूंचा उकिरडा

वडवणीच्या बाजारात बायनाबाईच्या अंड्यांना नाव होतं, आणि तिला त्याचा तोराही होता. सकाळी मूठभर ज्वारी, संध्याकाळी मूठभर; कोंबडी पोसावी ती मीच, असं ती गावातल्या बायकांच्या अंडी सोसायटीत बिनदिक्कत सांगायची. शेजारच्या सिंधुकाकू मात्र माळकरी. कोंबड्या त्यांचा उकिरडा उकरायच्या, म्हणून वीस वर्षं त्या काठी घेऊन मागे धावत आल्या होत्या. दोघींचं बोलणं असं नव्हतंच, होतं ते भांडण.

दुष्काळात गावाला टँकर लागल्याच्या दुसऱ्या वर्षी कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं. बायनाबाईनं मुठीची ओंजळ केली. मीठ-मिरच्यांनी त्यांची दृष्टसुद्धा काढली. कोंबड्या चरबीनं फुगल्या, अंडं काही येईना. गावभर तीच गत. शेवटी अध्यक्ष कौशल्याबाईंनी ठरवलं, कोंबड्या बाजारात विकायच्या आणि सोसायटीला कुलूप लावायचं. बायनाबाई विधवा, जमीन नाही, तिला दुसरा आधार नव्हता. तिनं हात जोडून महिन्याची मुदत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिची नजर सिंधुकाकूंच्या उकिरड्यावर गेली. ढोरं चारा छावणीला गेलेली, शेण वाळून खडखडीत, आणि कोंबड्या त्यावर उगाच नखं घासत होत्या. किडा नाही, अळी नाही. बायनाबाईच्या ध्यानात आलं. ज्वारीनं नुसतं पोट भरत होतं; अंडं यायचं ते त्या किड्या-अळ्यांवर. पोसलं उकिरड्यानं आणि मिरवलं आपण. तिला मनापासून लाज वाटली.

ती तशीच सिंधुकाकूंच्या दारात गेली.

"काकू, माझ्या कोंबड्या म्या न्हाई, तुमच्या उकिरड्यानं पोसल्या. दोन टोपले वाळलं शेण द्या."

सिंधुकाकूंनी कोपऱ्यातलं टोपलं पुढे सरकवलं. मग म्हणाल्या, "ने. ढोरं गेल्यापासून दारात भांडायला बी कुणी न्हाई."

बायनाबाईनं जुन्या मडक्यांत शेण आणि काड भरलं, ओलं केलं, आणि मडकी परसात पालथी घातली. तिसऱ्या दिवशी एक उचललं, तर खाली वाळवीच वाळवी. कोंबड्या तुटून पडल्या. पण मडकी ओली ठेवायची तर पाणी हवं. ती आपल्या आंघोळीचं पाणी ओतायची. मग टँकर चार दिवस आलाच नाही. मडकी वाळली, वाळवी गेली, आणि मुदतीतले अठरा दिवस उरले.

त्या दुपारी सिंधुकाकू बादली घेऊन आल्या. तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी त्यांनी राखून ठेवलं होतं. वाळवीचे जीव जातील त्याचं पाप माझ्या माथी नको, असं पुटपुटत, माळ सावरत त्यांनी ते मडक्यांवर ओतलं. दुसऱ्या दिवशी परत आल्या, आणि मग रोजच येऊ लागल्या.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी बायनाबाईनं सोसायटीच्या ओट्यावर सात अंडी ठेवली. कौशल्याबाईंनी आणलेलं कुलूप पिशवीत टाकलं आणि त्या मडकी कशी भरायची ते विचारायला लागल्या. सिंधुकाकू लांबच उभ्या होत्या. अंड्याला त्या शिवणार नव्हत्याच.

"बायने," त्यांनी तिथूनच विचारलं, "माझ्या पाण्याचं त्यातलं एक तरी असंल की गं?"