वासितीच्या काखेतली बाटली

सावुसावूच्या तेलगिरणीच्या प्रयोगशाळेत वासिती रालुलूने सव्वीस वर्षं काढली, पण ती कुणाशी गोड बोलल्याचं कुणाला आठवत नाही. तरी साफसफाईवाल्यापासून सगळे तिला नेई म्हणत, म्हणजे आत्या. खोबरेल आलं की ती नमुन्याची बाटली काखेत धरून भुवया चढवून बसे, मग थेंब काढून यंत्रात सोडे. यंत्र तेलातले घटक वेगळे करून मोजायचं. त्यात डायग्लिसराइड जास्त निघालं की तेल नासायला लागलं समजायचं. तेल-पाणी एकजीव करणारं इमल्सिफायर बनवणारे खरेदीदार असल्या तेलाला हातही लावत नसत.

नवे प्रमुख एपेलीसाहेब राजधानीतून, सुव्याहून आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी एसी अठरावर नेला. काखेतली बाटली पाहून त्यांचं टाळकं सरकलं.

"बाई, ही प्रयोगशाळा आहे की तुझं घर? पुन्हा अशी दिसलीस तर कायमची घरी बसवीन!"

पंधरा वर्षांनी लहान माणूस, आणि अरेतुरे! वासितीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तिने बाटली खाली ठेवली.

त्याच आठवड्यात तिच्या माहेरगावच्या बायकांनी काढलेलं तेल नापास झालं. ती पिंपं परत गेली असती तर गिरणीने त्या बायकांना पुन्हा दारात उभं केलं नसतं.

"ऊब देऊन परत मोजू द्या," वासिती म्हणाली.

"माहेरचं म्हणून ऊब का?" साहेब सगळ्यांसमोर हसले.

दुसऱ्या दिवशी तिने दोन नमुने वेगवेगळ्या चिठ्ठ्या लावून मोजले आणि निकाल त्यांच्यापुढे टाकले. साहेबांनी एकावर पास आणि दुसऱ्यावर नापास लिहून सही ठोकली.

"दोन्ही एकाच बाटलीतले," वासिती म्हणाली. "तुमच्याच कपाटातलं, तुम्हीच खात्रीचं म्हणून ठेवलेलं तेल. एक वरचा थेंब, एक तळातला. तुमच्या गारठ्यात तेल अर्धं गोठतं, डायग्लिसराइड वरच्या पातळ भागात साचतं, आणि तुम्ही वरचं तेवढं मोजून माझ्या गावाला नासकं म्हणता!"

माहेरचं तेल ऊब देऊन पुन्हा मोजलं, ते पास झालं. वासितीला मात्र चुकीची चिठ्ठी लावल्याबद्दल ताकीदपत्र मिळालं. त्यावर तिने त्यांच्यादेखत सही केली.

सोमवारी मोठा माल आला. एसी अठरावरच होता. साहेब गोठलेली बाटली घेऊन तिच्या टेबलाशी उभे राहिले.

"नेई... तुम्ही जरा..."

"ताकीदपत्र मिळालंय मला," वासिती मान वर न करता म्हणाली. "काख देवाने तुम्हालाही दिलीय."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कोटाची बटणं सोडली.