सोनीची दाढ आणि बीडभरचे डॉक्टर

जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली की किस्से गोचिडांसारखे अंगाला चिकटतात. आज उपटून टाकले की उद्या नवे! बहुतेक हसून सोडून देता येतात. पण सोनी नावाच्या मांजरीचे आठवले की माझं डोकं अजून तापतं.

नव्वदीतली गोष्ट. बीडमध्ये गल्लोगल्ली केबलच्या वायरी आल्या होत्या, चौकाचौकात एसटीडी बूथ झाले होते आणि मेडिकलची दुकानं तर पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवत होती. मी परभणीला शिकून इथल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नुकतीच रुजू झाले होते. लोक बैल बांधायचे, माझ्याकडे बघायचे आणि मलाच विचारायचे, "ताई, डॉक्टर कुठं गेलेत?"

*

त्या म्हशी-बैलांच्या रांगेत एक दिवस रिक्षातून अक्का उतरल्या. कापड दुकानदार महालिंगअप्पांच्या मंडळी. काखेत कापडी पिशवी, पिशवीतून बाहेर आलेलं मांजरीचं तोंड. दाढ किडून पू झालेला, सोनीनं खाणंपिणं सोडलेलं.

रांगेत हशा पिकला. एक जण म्हणाला, "आता उंदराचेबी दात काढा म्हणावं!"

अक्का गर्रकन वळल्या. "दुखणं काय इचारून येतं का रे, हे मांजर हाय का म्हैस म्हणून?"

रांगेनं सरकून त्यांना वाट दिली.

*

मी दाढ काढत होते. आमचे मलमपट्टी करणारे ड्रेसर रज्जाकभाई मांजरीचं डोकं धरून उभे होते. नेमके तेव्हाच वरचे साहेब तपासणीला आले. टेबलाकडे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या.

"मॅडम, हा दवाखाना पशुधनासाठी आहे. मांजर दूध देतं का?"

माझ्या तोंडाला मास्क, हातात चिमटा. मी काही बोलायच्या आत रज्जाकभाई शांतपणे म्हणाले, "देत न्हाई साहेब. पितं!"

साहेब पुढच्या खोलीत गेले. मला हसायचंही होतं आणि ओरडायचंही. दोन्ही जमलं नाही, कारण दाढ हलायला लागली होती.

*

मांजराला भुलीचं जे औषध देतात, त्यात डोळे मिटत नाहीत. मांजर टक्क बघत पडून राहतं. भूल उतरताना झोकांड्या खातं, मान डुलवतं. हे सगळं मी अक्कांना नीट समजावून सांगितलं होतं. पण घरी अप्पा होते, अप्पांचे भाऊ होते, भावजया होत्या. त्यांना कोण सांगणार?

संध्याकाळी अप्पा स्कूटरवरून थेट माझ्या दारात. "डॉक्टरीणबाई, मारलीत की हो आमची सोनी! डोळे फाडून पडली हाय."

मी धावत गेले. परसात खड्डा खणून तयार! भावजय पदर डोळ्याला लावून बसलेली. आणि खड्ड्याच्या काठावर फडक्यात गुंडाळलेल्या सोनीनं तेवढ्यात मान वर केली, उठली, चार पावलं तिरकी गेली आणि पुन्हा बसली.

शेजारचा एक जण गंभीरपणे म्हणाला, "दारू पाजली व्हती का बाई?"

असा संताप आला! जिवंत जिवासाठी खड्डा खणण्याआधी छातीवर हात ठेवून बघायचं एवढंही सुचू नये? एकट्या अक्का ओरडत होत्या, "म्या सांगितलं व्हतं! माझं ऐकतंय कोण?"

*

मग जखम चिघळू नये म्हणून दिलेली गोळी. ती इतकी कडू की जिभेला लागली तर मांजराच्या तोंडातून फेस येतो. सोनीच्याही आला. गल्लीत हाकाटी झाली, "मांजर पिसाळलं!"

मी पोचले तेव्हा काठ्या घेऊन माणसं जमलेली. अक्का दार अडवून उभ्या. सगळ्यात पुढं एक मिशाळ गृहस्थ होते, तेच जास्त ओरडत होते. मी त्यांच्या हातावर त्याच गोळीचा तुकडा ठेवला. "जरा चाटून बघा."

चारचौघांत नाही कसं म्हणणार? चाटली. तोंड वाकडं करून ते गटारीपाशी पळाले आणि थुंकत राहिले.

"आता घाला ह्यांना काठ्या!" मी म्हणाले.

काठ्या मुकाट्यानं घरोघर गेल्या.

*

इथवर ठीक होतं. पुढचं हसण्यासारखं नव्हतं.

कडू गोळीऐवजी पातळ औषध आणा म्हणून मी चिठ्ठी दिली. अप्पा दुकानात गेले. मेडिकलवाल्यानं औषध दिलं आणि वर स्वतःची अक्कल जोडली, "दुखत असंल तर ही तापाची गोळी पाव द्या. लेकराला चालती, मांजराला काय धाड भरलीय?"

माणसाची साधी तापाची गोळी मांजराला विष असते. दुपारपर्यंत सोनीचं तोंड सुजलं, हिरड्या चॉकलेटी पडल्या, श्वास लागला. त्यावरचा उतारा गावात मिळेना. मी सलाइन लावलं, शिरेतून 'सी' जीवनसत्त्व दिलं. अक्का दवाखान्याच्या व्हरांड्यात तिला मांडीवर घेऊन बसल्या. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

सलाइन रज्जाकभाईंवर सोपवून मी त्या दुकानात गेले.

"कुणाला विचारून दिलीत गोळी?"

तो गिऱ्हाइकाचे सुट्टे मोजत होता. मान वर न करता म्हणाला, "मांजराच्या मरणाला कोण इचारतंय बाई?"

"मी विचारतेय!"

इतक्या जोरात ओरडले की समोरच्या एसटीडी बूथमधला माणूस फोन कानाला तसाच धरून बाहेर डोकावला! मेडिकलवाल्यानं माफी मागितली नाही. "पुन्हा मांजराला गोळी देत न्हाई," एवढं मात्र म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सोनीची जीभ गुलाबी दिसायला लागली. तिनं अक्कांचं बोट चाटलं, आणि आधी खड्डा खणणारे अप्पा सगळ्यांदेखत रडले.

*

महिनाभरानं अक्का पुन्हा आल्या. ह्या वेळी हातात मांजर नव्हतं, गोळ्यांनी भरलेली प्लॅस्टिकची पिशवी होती. बाकावर दोन शेळ्यांच्या मधे बसल्या आणि नंबर आल्यावर पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली.

"मोठ्या डॉक्टरनं बीपीच्या दिल्या. खाल्ल्यापासून गरगरतंय, पाय सुजत्यात. त्याला इचारलं तर म्हणतो, डॉक्टर तू हाईस का मी?"

"अक्का, मी तर जनावरांची डॉक्टर."

"ठावं हाय," म्हणत त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "सोनीला एक गोळी चुकीची दिली तर तुमी दुकानात जाऊन भांडलात. माझ्यासाठी आजवर कुणी भांडलं न्हाई. मला मांजर समजा, अन् बघा!"